चुलीपर्यंत न पोहोचलेली स्वच्छ ऊर्जा

डिसेंबर-जानेवारीत तुरीची रास झाली की दुधनीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर घरामागे तुराट्यांचे ढीग लागतात. अक्कलकोट तालुक्याच्या कर्नाटक सीमेवरचा हा पट्टा तुरीचा. दाणे दुधनीच्या बाजार समितीत जातात, भुसकट जनावरांपुढे आणि तुराट्या चुलीत. जळणाला पैसा पडत नाही, झाड तोडावे लागत नाही आणि काडी लावताच पेटते. पावसाळ्यात तुराट्या भिजल्या तर गोवऱ्या असतातच. घरात गॅस नसतो असेही नाही. बहुतेक घरांच्या ओट्यावर शेगडी दिसते. तिच्यावर सकाळचा चहा होतो, पाहुणा आला तर पोहे होतात. भाकरी आणि आंघोळीचे पाणी मात्र चुलीवर.

देशाच्या स्वच्छ ऊर्जेच्या हिशेबात ही चूल धरलेली नाही. 2025च्या जूनअखेर भारताच्या एकूण स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-तेल-वायूखेरीजच्या स्रोतांचा झाला. 2030 साठी ठरवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले, ही लहान गोष्ट नव्हे. अर्थात क्षमता म्हणजे निर्मिती नव्हे. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सुमारे 70 टक्के आहे. त्यासाठी दुधनीकरांना लांब पाहायला नको. सोलापूरकडे जाताना दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा 1,320 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे आणि तो उजनीच्या पाण्यावर चालतो. पण हा सगळा हिशेब विजेचा झाला. ज्या ऊर्जेवर रोज दोन वेळा भाकरी भाजली जाते ती मेगावॅटमध्ये मोजत नाहीत, म्हणून तिची बातमीही होत नाही. ती मोजली जाते दवाखान्यात.

तालुक्याच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात हिवाळ्यात सकाळी बाह्यरुग्ण विभागात बसले तर हा हिशेब दिसतो. पन्नाशीच्या पुढची बाई येते. पाण्याची घागर घेऊन चार घरे ओलांडली की धाप लागते, दर थंडीत महिना-महिना खोकला राहतो. घरचे सांगतात, ‘दमा आहे तिला, जुना.’ कागदावरही बहुतेक वेळा दमाच लिहिला जातो. विडी-सिगारेट ओढता का, या प्रश्नाला उत्तर ठाम ‘नाही’ असते. (सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत, ओढणाऱ्या शोधाव्या लागतील.) पुढचा प्रश्न, स्वयंपाक कशावर करता, हा सहसा विचारलाच जात नाही. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून रोज तीन-चार तास चुलीपुढे बसलेल्या बाईच्या फुप्फुसात चाळीस वर्षांत काय साठले असेल, हे त्या एका प्रश्नातून कळले असते.

तिला असतो तो आजार अनेकदा दमा नसून सीओपीडी असतो. दम्यात आकसलेल्या श्वासनलिका औषधाने बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. सीओपीडीत नलिका कायमच्या अरुंद झालेल्या असतात, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटून त्यांचे लवचीकपण गेलेले असते. औषधाने आराम पडतो, पण गेलेले परत येत नाही. हा आजार धूम्रपान करणाऱ्यांचा, अशी समजूत डॉक्टरांमध्येही खोल रुजली होती. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखाने तिला धक्का दिला. धूम्रपान न करणाऱ्यांमध्येही हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि जगाचा विचार केला तर त्याचे बहुधा सर्वात मोठे कारण जैविक जळणाचा धूर हे आहे, असे त्यांनी मांडले.

तुराटी जळताना निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट धरतो. गर्भवतीच्या बाबतीत ही चोरी थेट बाळाच्या वाट्यातून होते. शिवाय अडीच मायक्रॉनहून लहान कण असतात. ते नाकात अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या शिफारशीनुसार हवेत अशा कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. भारताचे मानक 40 आहे. चूल पेटलेल्या बंद स्वयंपाकघरात हाच आकडा कित्येक शेकड्यांत जातो, फुंकणीने फुंकताना त्याहून वर. त्याचे परिणाम फक्त छातीवर होत नाहीत. मोतीबिंदू, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, मुलांचा न्यूमोनिया यांच्याशीही या धुराचा संबंध दाखवला गेला आहे. घरातल्या धुरामुळे जगात 2020 मध्ये 32 लाख लोक अकाली मरण पावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

धुराविरुद्धची पहिली सरकारी मोहीम बऱ्याच वाचकांना आठवत असेल. 1983 च्या सुमारास निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. 2002 मध्ये तो गुंडाळला गेला तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवून झाल्या होत्या, कागदावर. प्रत्यक्षात नळीत काजळी साठून ती तुंबायची, चूल तडकायची, मोठे पातेले बसायचे नाही. दुरुस्तीला माणूस मिळायचा नाही, कारण अनुदान बसवण्यासाठी होते, चालवण्यासाठी नव्हते. दोन-तीन वर्षांत बायकांनी शेजारी तीन दगड मांडले.

उज्ज्वला योजनेचे श्रेय मोठे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. 1 मे 2016 रोजी सुरू झालेल्या या योजनेतून दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण 2015-16 मध्ये सुमारे 60 टक्के होते, ते 2019-21 मध्ये 80 टक्क्यांच्या जवळ पोहोचले. मात्र या पाहणीत प्रश्न असतो ‘मुख्यतः कोणते इंधन वापरता’ असा. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर करणारी बाई त्याला काय उत्तर देईल, हे सांगणे अवघड आहे. सिलिंडरच्या नोंदी अधिक बोलक्या आहेत. उज्ज्वलाचे कुटुंब 2019-20 मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेत होते, 2024-25 मध्ये हा आकडा साडेचारच्या जवळ आला. सुधारणा खरी आहे. पण पाच-सहा माणसांचा सगळा स्वयंपाक साडेचार सिलिंडरवर वर्षभर निघत नाही. उरलेली आच तुराट्यांची असते.

निर्धूर चुलीची चूक इथे निम्मी सुधारली आणि निम्मी तशीच राहिली. जोडणी मोजली गेली, वापर मोजणे मागे पडले. केंद्राचे तीनशे रुपयांचे अनुदान आणि 2024 मध्ये राज्याने आणलेली वर्षाला तीन मोफत सिलिंडरची अन्नपूर्णा योजना यांचा उपयोग होतो, पण गॅसजोडणी बाईच्या नावावर असण्याची अट अनेक घरांत आडवी येते. शेतमजुराच्या घरात आठवड्याच्या बाजाराला हातात येणारा पैसा आणि सिलिंडरसाठी एकदम मोजावी लागणारी रक्कम यांचा मेळ बसत नाही, ही अडचण त्याहून मोठी आहे. पाच किलोचा लहान सिलिंडर उज्ज्वलाच्या लाभार्थींना घेता येतो, हे वितरकही आपणहून क्वचितच सांगतात.

सीमाभागाची स्वतःची एक अडचण भाकरीची आहे. इथल्या घरात दोन वेळच्या मिळून वीस-पंचवीस ज्वारीच्या भाकरी सहज होतात आणि निखाऱ्यावर शेकलेल्या भाकरीची चव बर्नरवर येत नाही, असे घरातली पुरुषमंडळी ठासून सांगतात. धूर कोणाच्या डोळ्यांत जातो, हे त्या चर्चेत येत नाही. सोलापूरची कडक भाकरी आता पाकिटात बांधून पुण्या-मुंबईला जाते. ती करणाऱ्या बचत गटांतल्या बायकांना चार पैसे मिळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जिथे ही भाकरी चुलीवर भाजली जाते, तिथे ती बाई घरच्या धुरावर आणखी कित्येक तासांच्या धुराची भर घालून घेते. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही आणि व्यावसायिक सिलिंडर महाग पडतो. उद्योग म्हणून ज्याचे कौतुक होते, त्यातला धूर व्यवसायजन्य आजाराच्या खात्यात कुठेच लिहिला जात नाही.

स्वच्छ ऊर्जेने आरोग्याचे काम चोख केल्याचे उदाहरणही याच शिवारात सापडते. कृषी वाहिन्यांना वीज आलटून पालटून मिळायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला शेतकरी अंधारात बांधावरून दारे धरायला जायचा आणि घोणस, नाग, मण्यार यांच्याही बाहेर पडण्याची वेळ तीच. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांत खेड्यातली शेतीवर राबणारी माणसे सर्वाधिक. राज्याने 2017 मध्ये सुरू केलेली आणि 2023 मध्ये वाढवलेली सौर कृषी वाहिनी योजना, तसेच ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ यांमुळे पाणी दिवसा देता येऊ लागले. जिथे असा पुरवठा नीट पोहोचला तिथे रात्री बांधावर जाण्याचे कारणच उरत नाही. विंचू-सर्पदंशावरच्या औषधाइतकाच हा प्रतिबंधही मोलाचा आहे, पण ऊर्जा खात्याच्या जाहिरातीत वाचलेले युनिट असतात आणि आरोग्य खात्याला ही योजना आपली वाटत नाही. याच योजनेसाठी काही गावांत गायरान दिले गेले आणि वादही झाले. गायरानाला कुंपण पडले की चराईबरोबर शेण आणि काटक्या वेचण्याची जागाही जाते, आणि ज्या घरात गॅस परवडत नाही तिथे त्याचा भार बाईच्या पायांवर येतो.

शिवारातला सूर्य स्वयंपाकघरात आणता येईल का? येईल, पण सोपे नाही. भाकरीची वेळ पहाटेची आणि दिवेलागणीची, पॅनेलची वेळ दुपारची. मधे साठवण हवी, ती महाग आहे. इंडक्शन शेगडीला लोखंडी तवा चालतो, मातीचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे नाही, आणि दोन किलोवॅटची शेगडी संध्याकाळी वस्तीवरच्या एकाच रोहित्रावर दहा घरांनी लावली तर काय होईल हे वायरमनला विचारावे. ‘सूर्यघर’ योजनेत छतावरच्या सौर संचाला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण मातीच्या माळवदावर आणि पत्र्याच्या खोपटावर ते कसे बसवायचे, याचे उत्तर हवे. तोवर गॅसला पर्याय नाही. गॅसही जमिनीतलेच इंधन आहे, देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक आयात होते आणि 14.2 किलोचा सिलिंडर जळला की सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, हे खरे. पण हवामानाचे ओझे उचलण्याची सुरुवात दुधनीच्या शेतमजूर बाईपासून करण्याचे कारण नाही.

गॅस दिला की सगळे आजार लगेच थांबतील, असेही सांगू नये. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तमिळनाडूत सुमारे 3,200 गर्भवतींवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्या घरांना शेगडी आणि गॅस मोफत दिला. त्या बायकांच्या श्वासातले सूक्ष्म कण साधारण एक तृतीयांशावर आले. तरीही 2022 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही, पुढे अर्भकांच्या न्यूमोनियातही नाही. कदाचित गरोदरपणाचे काही महिने पुरेसे नसतील, कदाचित शेजारच्या चुलींचा धूर पुरून उरत असेल. घरोघरचा धूर गल्लीत मिसळतो. वस्तीत एका घराने चूल बंद करून भागत नाही, ही शक्यता धरून योजना आखायला हव्यात.

म्हणून तालुक्याला किती जोडण्या दिल्या, याऐवजी प्रत्येक गावात कुटुंबामागे वर्षाला किती सिलिंडर लागले, हा आकडा आशा कार्यकर्तीपासून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत सर्वांसमोर असावा. तेल कंपन्यांकडे तो आहे. दवाखान्यातल्या केसपेपरवर तंबाखू आणि दारूच्या शेजारी जळणाची एक ओळ असावी. स्पायरोमेट्रीचे यंत्र आणि ते चालवणारा प्रशिक्षित माणूस ग्रामीण रुग्णालयात असावा, दोन्ही. शालेय पोषण आहाराची खिचडी जिथे अजून चुलीवर शिजते तिथे आधी बदल करावा. तो स्वयंपाक दुपारच्या आधी होतो, पॅनेलच्या वेळेत बसतो आणि शाळेचे छत पक्के असते.

ज्या घरात आज चूल पेटणारच आहे, त्यांनी ती शक्यतो अंगणात किंवा पडवीत घ्यावी, तुराट्या पूर्ण वाळवून वापराव्यात, तान्हे मूल मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नये. गरोदर बाईला भाकरीच्या कामातून मोकळे करावे, घरातल्या दुसऱ्या कोणीही ते करावे, मुलग्यानेही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी क्षयरोगासाठी थुंकी तपासून घ्यावी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. ती ठीक आली आणि चालताना धाप लागतच असेल, तर ‘जुना दमा’ म्हणून गोळ्या घेत न बसता श्वासाची तपासणी मागावी आणि किती वर्षे चुलीवर स्वयंपाक केला, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगावे.