पेट्रोलातील मद्यार्क आणि दारची लहान इंजिने

'मद्यार्क' हा मराठीतील मोठा सुटसुटीत शब्द आहे. मद्याचा अर्क तो मद्यार्क. इंग्रजीतील 'इथेनॉल' हा शब्द आता पेट्रोलपंपावरच्या पाटीपासून वर्तमानपत्रातील मथळ्यांपर्यंत सर्वत्र दिसू लागला आहे, पण वस्तू तीच. काजूच्या बोंडांचा रस आंबवून त्याची उर्राक आणि उर्राकेची पुढे फेणी करणारी भट्टी ज्याने पाहिली आहे, त्या गोमंतकीयाला मद्यार्काचा मुख्य स्वभाव शिकवावा लागत नाही. तो पाण्याशी कोणत्याही प्रमाणात एकजीव होतो. पेल्यात फेणी आधी ओता की पाणी आधी ओता, मध्ये रेघ दिसत नाही. उलट पेट्रोल आणि पाणी यांचे हाडवैर. हे दोन स्वभाव एकाच टाकीत नांदू लागले म्हणजे काय घडते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आणि तो केवळ रसायनशास्त्राचा नसून आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटापाण्याचा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी स्वतःची होडी चालवतो. मासेमारीबंदी उठल्यानंतरच्या आठवड्यात तो एक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आला. "सर, पेट्रोलात भेसळ आहे, वरपर्यंत तक्रार करायची," असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. होडीत चौघे जण असताना किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर त्याचे बाहेरून बसवलेले इंजिन आचके देऊन बंद पडले आणि दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणले. जाळे ओले झाले नाही, हंगामाचे पहिले तीन दिवस वाया गेले, आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच. टाकीतील पेट्रोल त्याने एका काचेच्या बाटलीत भरून पुराव्यादाखल आणले होते. बाटलीत दोन थर स्पष्ट दिसत होते. वरचा थर इंजिनात घालायच्या ऑइलने रंगलेला, तर खालचा दोन बोटांचा थर फिकट आणि किंचित गढूळ. ते पेट्रोल बंदीच्या आधी भरलेले, दोन महिने टाकीत राहिलेले होते. टाकीच्या झाकणाची रबरी चकती फुगून वेडीवाकडी झाली होती आणि पावसाळाभर टाकी पडवीच्या कडेला होती.

भेसळ कोणी केली नव्हती. पंपावर नियमानुसार जे मिळते तेच त्याने भरले होते. अर्ज लिहिला नाही. परंतु त्याला जे समजावून सांगितले, ते अनेकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे विस्ताराने मांडतो.

प्रथम थोडा इतिहास. आपल्या देशात पेट्रोलमध्ये ५ टक्के मद्यार्क मिसळण्याची योजना २००३ साली ९ राज्यांत व ४ केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली. त्यात गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये होती. पुढे अनेक वर्षे ती रखडली. २०१३-१४ मध्ये प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणानंतर मात्र वेग आला. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांच्या मिश्रणाची, म्हणजे 'ई-२०'ची विक्री सुरू झाली, आणि २०३० साठी ठरवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच पुरे झाले.

यामागील हेतू क्षुल्लक नाही. आपण बहुतेक खनिज तेल परदेशातून आणतो आणि त्यासाठी परकीय चलन मोजतो. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातील वाचकांना साखर कारखान्याची आसवनी काही नवी नाही. उसाच्या मळीपासून, उसाच्या रसापासून, आणि अलीकडे मोठ्या प्रमाणावर मका व तांदूळ यांपासून मद्यार्क होतो. साखरेचा भाव पडला तरी कारखान्याच्या हाती पैसा येतो आणि उसाचे बिल चुकते करणे त्याला सोपे जाते. शिवाय मद्यार्काचा ऑक्टेन अंक उच्च असतो, आणि त्यात प्राणवायू असल्यामुळे धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. बेळगावच्या शेतकऱ्याच्या लाभाची ही गोष्ट गोव्याच्या मच्छीमाराच्या मुळावर यावी अशी कोणाचीच इच्छा नसणार. प्रश्न एवढाच, की हे इंधन ज्या यंत्रात जाते ती सगळी यंत्रे सारखी आहेत काय?

ती सारखी नाहीत. नव्या मोटारीचे उदाहरण घ्या. तिची टाकी जवळजवळ बंदिस्त असते, पेट्रोल आठपंधरा दिवसांत संपते आणि नवे भरले जाते; धुरातील प्राणवायू मोजून इंधन कमीअधिक करणारी संगणकीय व्यवस्था तिच्यात असते. आता होडीचे इंजिन, बागायतीतील फवारणीयंत्र, गवत कापण्याचे यंत्र, वीज गेल्यावर चालवायचा लहान जनरेटर यांच्याकडे पाहा. यांच्या टाकीला हवा आतबाहेर जाण्यासाठी उघडे भोक असते. ती महिनोन्महिने पडून असतात. त्यांतील बहुतेकांना साधा कार्बुरेटर असतो, त्याचे भोक ठरावीक मापाचे. आणि कित्येकांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. मद्यार्काचा प्रत्येक दोष नेमका या चार ठिकाणी बोट ठेवतो.

पहिला दोष पाण्याचा. निव्वळ पेट्रोल पाणी जवळजवळ सामावूनच घेत नाही. शिरलेले पाणी तळाशी वेगळे बसते आणि ते काढून टाकता येते. १० टक्के मद्यार्काचे पेट्रोल साधारण १५ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे अर्धा टक्का पाणी, म्हणजे १० लिटरमध्ये ५० मिलिलिटर, पोटात घेऊ शकते. २० टक्क्यांचे मिश्रण त्याहून अधिक घेते. तेवढे थोडे पाणी इंधनाबरोबर निमूट जळूनही जाते, हे मान्य केले पाहिजे. परंतु मर्यादा ओलांडली, किंवा रात्री तापमान उतरल्यामुळे सामावण्याची शक्ती घटली, की मद्यार्क पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसतो. इंधन ओढणारी नळी असते तळाशीच. म्हणजे इंजिनाच्या तोंडी प्रथम हेच पाणीमिश्रित मद्यार्क पडते. ऑइल वर पेट्रोलमध्येच राहते, त्यामुळे टू-स्ट्रोक इंजिनातील पिस्टन व बेअरिंगे कोरडी घासली जातात. वरचे पेट्रोलही निर्दोष राहत नाही. मद्यार्क गेल्याने त्याचा ऑक्टेन अंक उतरलेला असतो.

येथे एक गैरसमज दूर करतो. मद्यार्क हवेतील दमटपणा शोषून एका रात्रीत टाकी बिघडवतो असे सांगितले जाते. हवेतून पाणी ओढण्याची क्रिया बरीच संथ आहे. अधिक घात करते ते झाकणातून शिरणारे पावसाचे व समुद्राचे पाणी, आणि अर्धवट भरलेल्या टाकीच्या भिंतींवर आतून जमणारे दव.

दुसरा दोष विरघळविण्याचा. जुन्या टाकीच्या व नळ्यांच्या आत वर्षानुवर्षे चिकट राप बसलेला असतो. मद्यार्क तो सुटा करतो आणि तो कचरा गाळणीत व कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत येऊन अडकतो. जुन्या जातीचे रबर व बुचाच्या चकत्या फुगतात किंवा ठिसूळ होतात. जस्त, पितळ, ॲल्युमिनियम यांचे भाग गंजतात. अमेरिकेत २००४ ते २००६ च्या सुमारास पेट्रोलातील दुसरे एक द्रव्य काढून त्याऐवजी १० टक्के मद्यार्क आला, तेव्हा जुन्या नौकांतील फायबरग्लासच्या टाक्यांचा राळेचा थर मऊ पडून विरघळू लागला आणि इंजिनाच्या झडपांवर काळा लगदा साचला. नौकामालकांना टाक्याच बदलाव्या लागल्या.

तिसरा दोष हवेच्या हिशोबाचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, मद्यार्कास सुमारे ९ किलो पुरते. संगणकीय इंजिन इंधन वाढवून हा फरक भरून काढते. ठरावीक भोकाचा कार्बुरेटर तसे करू शकत नाही. मिश्रणात इंधन कमी व हवा जास्त होते आणि इंजिन अधिक तापते. होडीचे इंजिन तर तासन्‌तास पूर्ण जोरात चालवावे लागते.

चौथी गोष्ट खर्चाची. एक लिटर मद्यार्कात एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच असे म्हटले आहे की, निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींत 'ई-२०' मुळे कार्यक्षमता ६ ते ७ टक्के, तर तशा दुचाकींत ३ ते ४ टक्के घटेल. होडीवाल्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच, की पूर्वी जेवढ्या पेट्रोलात जाऊन येणे होई, तेवढ्यात आता परतताना टाकी लवकर वाजू लागेल. हा हिशोब निघण्यापूर्वीच केलेला बरा.

या चिंता निराधार नाहीत, याचा पुरावा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०११ मध्ये एका चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. बाहेरून बसवायच्या तीन प्रकारच्या नौका-इंजिनांच्या जोड्या घेऊन एक निव्वळ पेट्रोलवर, दुसरे १५ टक्के मिश्रणावर, अशी ३०० तासांची पूर्ण जोराची चाचणी ठरली होती. मिश्रणावरील तीनपैकी दोन इंजिने शेवटपर्यंत टिकली नाहीत. संख्या लहान आहे आणि प्रत्येक बिघाडाचे खापर मद्यार्कावर फोडता येणार नाही. तरी इशारा पुरेसा आहे. त्या देशाने २०११ पर्यंत २००१ व नंतरच्या मोटारींना १५ टक्क्यांची मुभा दिली, परंतु नौका, मोटारसायकली व लहान इंजिने यांत ते इंधन वापरण्यास मनाई केली आणि तशी पाटी पंपावर लावणे सक्तीचे केले.

आपल्याकडे चर्चा झाली ती मोटारी व दुचाकींची. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या खुलाशात, काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतील, पण तो किरकोळ खर्च आहे, असे म्हटले होते. मद्यार्कविरहित पेट्रोलचाही पर्याय ठेवावा अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. धोरणाविषयी न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. परंतु होडीच्या इंजिनाला किलोमीटर कोठले? रस्त्यावर बंद पडलेली दुचाकी ढकलत घरी आणता येते. समुद्रात बंद पडलेली होडी ढकलता येत नाही. म्हणून निदान पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक अक्षरांत आणि मराठी-कोकणी-कन्नडसारख्या स्थानिक भाषांत लिहावे, आणि मच्छीमार सोसायट्यांतून होड्यांसाठी मद्यार्कविरहित पेट्रोल मिळावे, एवढी मागणी अवाजवी ठरू नये. अर्ज लिहायचाच असेल तर तो असा लिहावा.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या बंदीआधी सुट्या टाकीतील पेट्रोल काढून वापरून टाकावे. नंतर इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बुरेटर कोरडा करावा. फवारणीयंत्र व जनरेटर यांनाही हाच नियम. टाकी काढता येण्याजोगी नसेल, तर ती फुगण्यापुरती जागा सोडून जवळजवळ पूर्ण भरावी, म्हणजे दव जमायला भिंत उरत नाही. लागेल तेवढेच, ताजे पेट्रोल घ्यावे. पाणी वेगळे करणारी गाळणी बसवावी आणि एक जास्तीची होडीत ठेवावी. रबरी नळ्या, चकत्या, झाकण यांची दर हंगामापूर्वी तपासणी करून मद्यार्काला टिकणाऱ्या जातीच्या घ्याव्यात. आपल्या इंजिनाला किती टक्के चालते, हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे किंवा विक्रेत्याला लेखी विचारावे. दोन थर झालेले पेट्रोल ढवळून किंवा कसलेही औषध घालून पूर्ववत होत नाही; त्याचा वरचा भागही वापरू नये.

आपल्या पेट्रोलात मद्यार्क किती, हे शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखवता येते. मोजपात्रात ५० मिलिलिटर पेट्रोल घ्यावे, त्यात १० मिलिलिटर पाणी घालावे, तोंड बंद करून हलवावे व स्थिर होऊ द्यावे. मद्यार्क पाण्याकडे जातो. खालचा थर १० वरून २० च्या आसपास पोचला, तर ते २० टक्क्यांचे मिश्रण समजावे. हा प्रयोग मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा; मुलांनी घरी करू नये.

मच्छीमारांच्या वस्तीजवळच्या प्रत्येक शाळेने हा प्रयोग मे महिन्याच्या अखेरीपूर्वी एकदा पालकांना बोलावून दाखवावा, अशी माझी सहकारी मुख्याध्यापकांना विनंती आहे. दहा मिनिटांचे काम आहे. पाहणाऱ्यांपैकी एकाने जरी त्या संध्याकाळी आपली टाकी रिकामी करून ठेवली, तरी ऑगस्टात चार माणसे वेळेवर घरी पोचतील. इत्यलम्.