गिऱ्हाईक सुरक्षित, आणि वाढणारी?

५ ऑक्टोबर २०२० रोजी महाराष्ट्रातली हॉटेलं आणि बार सहा महिन्यांहून अधिक काळानंतर उघडले. निम्मीच माणसं आत घ्यायची, दोन टेबलांत अंतर ठेवायचं, दारातच ताप मोजायचा, खातापितानाचा वेळ सोडून तोंडावर मास्क हवा, अशी नियमावली सरकारने काढली. एप्रिल २०२१ मध्ये बार पुन्हा बंद झाले, पुढे पुन्हा उघडले. त्याला आता काही वर्षं लोटली आहेत. पण त्या नियमावलीने नकळत सिद्ध केलेली एक गोष्ट आपल्या चळवळीने विसरू नये असं मला वाटतं.

मनावर घेतलं तर बारमध्ये बसलेल्या पुरुषाला कसं वागायचं हे सांगता येतं, ही ती गोष्ट. एरवी 'पोटात दोन पेग गेल्यावर माणूस ऐकतो का?' असं म्हणून हात वर करणारे मालक त्याच माणसाला लांब बसवू लागले, मास्क नसेल तर दारातून परत पाठवू लागले. सगळीकडे काटेकोरपणे झालं असं कोणी म्हणणार नाही. तरी लायसन्स जाण्याची भीती होती आणि तिने काम केलं. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण लांब बसलं.

आता त्याच बारमध्ये ग्लास भरणारी किंवा ऑर्केस्ट्रात गाणारी बाई घ्या. तिच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आजवर काय झालं? तिलाच बाहेर काढलं गेलं. २००५ साली सरकारने डान्सबारवर बंदी आणली, ती स्त्रियांच्या प्रतिष्ठेच्या नावाने. दारू चालू राहिली, गिऱ्हाईक तेच राहिलं, नाचणाऱ्या तेवढ्या गेल्या. त्यांचा आकडा त्या वेळी ७५ हजार सांगितला जाई. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र या बंदीतून सूट होती. तिथे प्रतिष्ठेला बहुधा धोका नसावा! २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. तरी २०१६ मध्ये नवा कायदा आला आणि त्यातल्या बऱ्याच जाचक अटी जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाला काढून टाकाव्या लागल्या. ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर चारच बायका आणि चारच पुरुष, हे बंधन तर फेब्रुवारी २०२२ पर्यंत होतं. दिल्लीतही दारू मिळते तिथे बायकांनी नोकरीच करायची नाही, असा १९१४ चा कायदा २००७ पर्यंत टिकून होता. तो रद्द करताना न्यायालयाचा रोख स्पष्ट होता: बाईचं काम काढून घेणं म्हणजे संरक्षण नव्हे, कामाची जागा सुरक्षित करणं हे सरकारचं काम आहे.

म्हणजे विषाणूचा धोका असला की नियम गिऱ्हाइकाला, आणि गिऱ्हाइकाचा धोका असला की नियम बाईला!

कायदा नाही, असंही म्हणायची सोय नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बारलाही लागू आहे. कामाच्या जागी जे जे लोक येतात त्यांच्यापासून स्त्रियांना सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं त्यात म्हटलंय. या 'लोकां'त गिऱ्हाईक आलंच. छळ करणारा नोकर नसून बाहेरचा असला आणि बाईची इच्छा असली, तर मालकाने पोलिसात कारवाई सुरू करायला हवी. दहा माणसं कामाला असतील तर अंतर्गत समिती. त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. माझ्या कामात ज्या बायकांशी बोलणं होतं, त्यांच्यापैकी एकीनेही या समितीचं नाव ऐकलेलं नव्हतं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या बाईला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची अट घातली गेली. या बायका मध्यरात्रीनंतर शेअर रिक्षाने घरी जातात, भाडं टिपमधून देतात.

टिप हाच पुष्कळजणींचा पगार. टाळेबंदीत पगार कापू नका असा केंद्राचा आदेश २९ मार्च २०२० रोजी निघाला आणि मे महिन्यात मागेही घेतला गेला. पण हजेरीपटावर नावच नाही तिला तो आदेश लागू होणार कसा? बार उघडताना उरलेल्या स्टॉकचा हिशोब झाला, लायसन्स फीमध्ये सवलतीची मागणी झाली. या बायकांच्या बुडालेल्या महिन्यांचा हिशोब कुणी मांडला?

आपल्यातल्या काही मैत्रिणींना हे खटकेल, याची मला कल्पना आहे. ज्या गावात आपण 'आडवी बाटली'साठी मतदान घडवलं, तिथल्या बाईला बारमधल्या बाईची बाजू घेणं पटत नाही. चंद्रपुरात २०१५ पासूनची दारूबंदी २०२१ मध्ये उठली, बार उघडले, तेव्हा तिथल्या बायकांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते. दारूच्या दुकानाविरुद्ध लढणं योग्यच आहे. पण बार आहे तोवर आत काम करणारी बाईही आहे. बारमध्ये तिचा हात धरणारा आणि घरी जाऊन बायकोवर हात टाकणारा पुष्कळदा एकच असतो. त्याला आत कुणी अडवलं नाही, तर बाहेर तो काय शिकून येतो? डान्सबंदीच्या वेळी आपल्यात मतभेद झाले होते. काही संघटना बंदीच्या बाजूने गेल्या, काहींनी बारबालांच्या उपजीविकेची बाजू घेतली. तो वाद पुन्हा उकरण्याची गरज नाही. या मागणीवर दोन्ही बाजूंना एकत्र येता येईल.

मागणी साधी आहे. समितीचा आणि पोलिसांचा नंबर असलेला फलक गिऱ्हाइकाला दिसेल असा लावा. हात लावणाऱ्याला उठवून बाहेर काढा. लायसन्सच्या नूतनीकरणाच्या वेळी समिती आहे का, हजेरीपट आहे का, रात्रीची गाडी आहे का, हे तपासा. आपल्या जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे गेल्या पाच वर्षांत बारमधून किती तक्रारी आल्या, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. पुढचा अंक निघण्याआधी प्रत्येक गटाने तो अर्ज टाकावा, आणि आलेलं उत्तर, 'निरंक' असलं तरी, इथे छापायला पाठवावं.