शांत गावातली एक रिकामी खोली



आमचे महाड तुम्ही पाहिले असेल ते बहुधा 20 मार्चला किंवा 25 डिसेंबरला. त्या दिवशी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. लहानथोर निळे झेंडे घेऊन येतात, तळ्याच्या पायऱ्यांवर ओंजळ भरतात, क्रांतिस्तंभाला वंदन करतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. बाकीचे दिवस महाड आमचे असते. सकाळी एस.टी. स्टँडवर मुंबई-पुण्याच्या गाड्या, एम.आय.डी.सी.च्या पाळीला निघालेले कामगार आणि संध्याकाळी तळ्याकाठी बसलेले चार पेन्शनर. जिल्ह्याच्या कचेरीत काम निघाले तर अलिबाग गाठण्यात दिवस मोडतो. पावसाळ्यात सावित्री आणि गांधारीच्या पाण्याकडे सगळ्या गावाचे डोळे लागतात. पाहुणे म्हणतात, ‘किती शांत आहे हो तुमचे गाव!’

शांत आहे खरे. पण आम्ही कारकुनी करणारी माणसे. आम्हांला कागद आणि व्यवहार यांतला फरक लवकर कळतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केले, तेही कागदावर. तीन वर्षे गाव शांतच होते! कारण तहानलेला माणूस तळ्यापर्यंत जात नव्हता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आपल्या बांधवांसह गेले, पाणी प्याले आणि त्याच दिवशी आमच्या माणसांची डोकी फुटली. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो 1937 साली. तेव्हा शांतता म्हणजे न्याय नव्हे, हा धडा याच गावाने देशाला दिला आहे.

आता अलीकडची गोष्ट. 2021 च्या जुलैत महाड पुरात बुडाले. घराघरांत चिखल, भिजलेली धान्याची पोती, वाळत घातलेली मुलांची पुस्तके. पिण्याच्या पाण्याचा टँकर आला की एकच रांग लागे. त्या रांगेत कोणी कोणाचे आडनाव विचारले नाही. ज्याच्या हातात हंडा, तो आपला. तेव्हा आम्हांला वाटले, 1927 चे काम या पाण्याने पुरे केले.

पुढच्याच वर्षी आपल्या समाजाची एक मुलगी इथे नर्स म्हणून नोकरीला लागली. तिच्यासाठी खोली शोधायला आम्ही चार ठिकाणी हिंडलो. एका घरी खोली दाखवली, भाडे ठरले. मग आडनाव विचारले आणि खोली एकाएकी पुतण्याला हवी झाली. दुसरीकडे ‘आम्ही मांसाहार करणाऱ्यांना देत नाही’ असे उत्तर मिळाले. त्या वेळी त्यांच्याच चुलीवर सुकटीचा वास दरवळत होता! भांडण नाही, शिवी नाही. सगळे अगदी शांतपणे.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही हा प्रकार तावातावाने सांगितला. सगळे चिडले. तेवढ्यात मागे बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, ‘दादा, मागच्या साली तो कारखान्यातला मातंगाचा पोर आपल्या आळीत खोली मागत फिरत होता. त्याला आपण काय सांगितलं?’

विहारात कोणी बोलेना. आम्ही तर मान खाली घातली. कारण तो पोरगा आमच्याही दारी आला होता. थोरला मुलगा पुण्याला गेल्यापासून आमची माडीवरची खोली रिकामीच होती. तरी ‘आमच्याकडे पाहुणे येतात’ असे आम्ही त्याला सांगितले होते. पाहुणे कोणते, तर वर्षातून एकदा, 20 मार्चला!

घरी येऊन सौ.ला सांगितले. ती म्हणाली, ‘बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत ना? मग माडीची किल्ली खाली ठेवा.’ आम्ही त्या मुलाचा पत्ता काढला. तोवर तो रोज पहाटे गावाहून एस.टी.ने येऊन पाळी गाठत होता. त्याला बोलावले आणि आधी चुकीची माफी मागितली. आज तो माडीवर राहतो आणि आमच्या धाकटीचे गणित घेतो. नर्सताईची सोयही आळीतच झाली.

बांधवांनो, 20 मार्चला जरूर या. जमल्यास एक दिवस जास्त राहा, गावाजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी मुलांना दाखवा. पण ओंजळ भरण्यापूर्वी आपल्या गावी, आपल्या चाळीत एक हिशोब करून या : आपल्या दारातून कोणी तहानलेला परत गेला आहे काय? खोली भाड्याने देताना आडनाव विचारायचे ते भाडेपावतीवर लिहिण्यापुरतेच.

जयभीम!