परदेशातील पहिले घर

बारामती आणि इंदापूरच्या व्यापारी घराण्यांत एक जुना संकेत आहे. नव्या गावी पेढी थाटणारा माणूस प्रथम गाळा भाड्याने घेतो. दोन-चार दिवाळ्यांच्या वह्या जमेच्या बाजूला झुकल्या, की मगच खरेदीखताची भाषा करतो. याच घरांतील मुले-सुना आज नोकरीनिमित्त मेलबर्न-सिडनीला जाऊ लागल्या आहेत. तेथे पोहोचून सहा महिने होतात न होतात तोच दूरध्वनी येतो, ‘भाडे भरण्यापेक्षा घराचा हप्ता काय वाईट?’ आणि इकडे वडिलांच्या मनात भिगवण रस्त्यावरील भूखंड विकण्याचा विचार घोळू लागतो.

पोटच्या मुलासाठी केलेला हा विचार वावगा नव्हे. परंतु त्यापूर्वी दोन्ही देशांचे नियम पाहिले पाहिजेत. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी, काही मोजके अपवाद वगळता, परकीय व्यक्तींना जुनी घरे विकत घेण्यास मनाई जाहीर केली. तात्पुरत्या व्हिसावर काम करणारा नोकरदारही या व्याख्येत येतो. नवे घर किंवा बांधकामासाठी मोकळी जागा घेता येते. मात्र त्यासाठी परकीय गुंतवणुकीची पूर्वपरवानगी लागते आणि तिचे शुल्कच हजारो डॉलर असते. शिवाय मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तेथे परकीय खरेदीदाराला नेहमीच्या मुद्रांक शुल्काखेरीज आणखी ८ टक्के द्यावे लागतात. ८ लाख डॉलरच्या घरावर ही रक्कम ६४ हजार डॉलर होते. कायमच्या वास्तव्याचा व्हिसा मिळाल्यावर मनाईही लागू राहत नाही आणि सहसा हा जादा भारही टळतो.

इकडची बाजूही तितकीच महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार भारतात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. ही सवलत व्यक्तीस आहे. भागीदारी पेढीस किंवा हिंदू अविभक्त कुटुंबास नाही. म्हणजेच दुकानाच्या खात्यातून मुलाच्या घराचे पैसे थेट पाठवता येत नाहीत. घरखरेदीसाठी वर्षाकाठी १० लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ गोळा करते. ५० लाख पाठवले, तर ८ लाख रुपये विवरणपत्राचा हिशेब पूर्ण होईपर्यंत अडकून राहतात. हंगामाच्या तोंडावर भुसार मालाच्या व्यापाऱ्यास ही रक्कम किती मोलाची, हे सांगावयास नको. येथील घर विकून तेथे घर घेतल्यास भांडवली नफ्यावरील करात घरखरेदीची सूट मिळत नाही. ती सूट भारतातील घरापुरतीच आहे. वडिलांचे नाव तेथील मालकीत लागले, तर ती मालमत्ता त्यांच्या विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक ठरते.

अशा वेळी कोणी तरी जवळची वाट सुचवतो. कायम वास्तव्य असलेल्या मित्राच्या नावे घर घ्यावे आणि पैसे हवाल्याने पोहोचवावेत, अशी ती वाट. सातबारा दुसऱ्याच्या नावे ठेवून स्वस्थ झोप लागत नाही, हे आपल्या पेठेला ठाऊक आहे. उद्या मित्राचे मन फिरले, तर बेकायदा व्यवहाराची दाद मागणार कोणाकडे? दंड आणि व्हिसाची चिंता तर निराळीच.

जैन आचारात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. राज्याचे निर्बंध डावलून केलेला व्यवहार श्रावकाने चौर्याच्याच पंक्तीत मानावयाचा आहे. परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा घालावयाच्या वस्तूंची गणना क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे जमीन आणि घर, यांपासूनच सुरू होते. घर घेऊ नये, असा याचा अर्थ नाही. घर किती, कोणत्या पैशातून आणि कोणाची झोप उडवून, हे आधी ठरवावे, एवढाच अर्थ.

नोकरी आणि व्हिसा स्थिर होईपर्यंत भाड्याने राहणे यात कमीपणा नाही. दोन वर्षांचे भाडे हे नव्या मुलखाची ओळख करून घेण्याचे मोल आहे. कोणत्या उपनगरात राहावे, नोकरी कोठे टिकेल आणि मुळात तेथेच स्थिरावायचे की परतायचे, हे तेवढ्या काळात उमगते. भिगवण रस्त्यावरील भूखंड तोवर कोठे जात नाही.