युरोपातली निर्वासितांची वाटणी : अर्ज किती, आसरा किती?

निर्वासितांबद्दल व्हॉट्सअपवर दोन प्रकारचे मेसेज आलटून-पालटून फिरत असतात. एकात लिहिलेलं असतं की युरोपने लाखो मुसलमानांना पनाह दिली आणि मुस्लिम देश नुसते बघत बसले. दुसऱ्यात असतं की युरोप मुसलमानांना समुद्रात बुडू देतो आणि बाकी दुनियेला माणुसकीचे धडे देतो. दोन्हींत एखादा आकडा हमखास असतो, आणि आकडा दिसला की आपल्याला वाटतं, बात पक्की आहे. म्हणून आज आधी ते आकडेच बघू.

युरोपियन युनियनची सांख्यिकी संस्था युरोस्टॅट दरवर्षी आश्रयासाठी पहिल्यांदाच आलेल्या अर्जांची मोजणी जाहीर करते. २०२४ मध्ये २७ देशांत मिळून असे सुमारे ९ लाख १२ हजार अर्ज आले. जर्मनीत जवळपास २ लाख ३० हजार, स्पेनमध्ये १ लाख ६४ हजार, इटलीत १ लाख ५१ हजार, फ्रान्समध्ये १ लाख ३१ हजार आणि ग्रीसमध्ये ६९ हजार. म्हणजे २७ पैकी फक्त पाच देशांत ८२ टक्के अर्ज. बातमीचा मथळा इथेच तयार होतो: "पाच देशांवर सगळा बोजा".

पण थांबा. या पाच देशांत युनियनची साधारण ६० टक्के लोकसंख्याही राहते. मोठ्या घरात पाहुणे जास्त येणारच. शाळेत आम्ही मुलांना टक्केवारी शिकवताना पहिला प्रश्न हाच विचारायला लावतो: कशाचे टक्के? लोकसंख्येने भागलं की यादीच उलटीपालटी होते. हजार रहिवाशांमागे सायप्रसमध्ये सातच्या वर अर्ज, ग्रीसमध्ये साडेसहाच्या आसपास, स्पेनमध्ये ३.४, जर्मनीत पावणेतीन, फ्रान्समध्ये दोनपेक्षाही थोडे कमी. संपूर्ण युनियनची सरासरी दोन. सायप्रसमधले एकूण अर्ज सातेक हजारच होते, त्यामुळे पहिल्या यादीत त्याचं नावही दिसत नाही. दुसऱ्या यादीत तो सगळ्यात वर आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. या अर्जदारांत सगळे मुसलमान असतात हा दोन्ही मेसेज पाठवणाऱ्यांचा समान गैरसमज आहे. २०२४ मध्ये सीरिया पहिल्या नंबरावर होता हे खरं, पण त्याखाली व्हेनेझुएला आणि अफगाणिस्तान जवळजवळ बरोबरीत होते. स्पेनला आलेल्या अर्जांत तर सगळ्यात जास्त व्हेनेझुएलाचेच.

आता मुद्द्यावर येतो. लोकसंख्येने भागलं म्हणजे हिशेब न्याय्य झाला असं वाटतं. तसं असतं तर २०१५ मध्ये युरोपातला सगळ्यात दिलदार देश हंगेरी ठरला असता.

त्या वर्षी सीरियाचं युद्ध ऐन भरात होतं. तुर्कस्तान, ग्रीस, बाल्कन देश असा पायी रस्ता लाखो लोकांनी तुडवला. सप्टेंबरमध्ये तीनेक वर्षांच्या आयलान कुर्दीचं प्रेत तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडलं, तो फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. त्या वर्षाच्या युरोस्टॅटच्या तक्त्यात दर दहा लाख रहिवाशांमागे अर्ज असे आहेत: हंगेरी १७,६९९, स्वीडन १६,०१६, ऑस्ट्रिया ९,९७०, जर्मनी ५,४४१. तळाला क्रोएशिया ३४ आणि स्लोव्हाकिया ५०. हंगेरी, जिथे त्याच वर्षी सीमेवर काटेरी कुंपण उभं राहिलं आणि जिथले पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान मुस्लिम स्थलांतरितांविरुद्ध उघडपणे बोलत होते, तो देश यादीत सगळ्यात वर!

याचं कारण अगदी साधं आहे. बाल्कनमधून येणारी माणसं हंगेरीत शिरली की तिथले पोलीस बोटांचे ठसे घ्यायचे आणि त्यांचा अर्ज नोंदवून टाकायचे. असे १ लाख ७४ हजार अर्ज नोंदले गेले. त्यातली बहुतेक माणसं काही दिवसांत पुढे ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वीडनला निघून गेली आणि तिथे पुन्हा मोजली गेली. हंगेरीने त्या वर्षभरात आश्रय मंजूर केला तो सुमारे ५०० जणांना. पाचशे. कागदावर पावणेदोन लाख आणि छताखाली पाचशे.

जर्मनीचं नेमकं उलट झालं. २०१५ मध्ये तिथे ८ लाख ९० हजारांच्या आसपास माणसं पोहोचली, असं जर्मन सरकारनेच पुढे मोजणी दुरुस्त करून सांगितलं. पण तक्त्यात त्या वर्षी पहिल्या अर्जांचा आकडा ४ लाख ४२ हजार. बाकीचे लोक अर्ज भरण्याची तारीख मिळेपर्यंत शाळांच्या जिमखान्यांत आणि जुन्या छावण्यांत राहत होते. त्यांचे अर्ज २०१६ च्या खात्यात चढले, तेव्हा आकडा ७ लाखांच्या पुढे गेला. म्हणजे ज्याने माणसं ठेवून घेतली तो २०१५ च्या तक्त्यात पाचव्या नंबरावर, आणि ज्याने पुढे जाऊ दिली तो पहिला.

आता याच हंगेरीचा २०२३ चा आकडा बघा. पूर्ण वर्षात पहिले अर्ज फक्त ३०. लोकसंख्या ९६ लाख. गरजू लोक संपले होते का? नाही. २०२० मध्ये हंगेरीने नियम केला की देशात आश्रय मागण्याआधी बेलग्रेड किंवा कीव्हच्या हंगेरियन वकिलातीत जाऊन इरादापत्र द्यायचं. वकिलातीने परवानगी दिली तर प्रवेश, आणि मग अर्ज. खिडकीच बंद केल्यावर रांग कुठून दिसणार? युरोपियन युनियनच्या न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हंगेरीच्या आश्रयविषयक वागणुकीविरुद्ध निकाल दिला होता. तो पाळला नाही म्हणून १३ जून २०२४ रोजी २० कोटी युरोचा दंड आणि वर दर दिवसाला १० लाख युरो, अशी शिक्षा ठोठावली. तक्त्यात मात्र हे काहीच दिसत नाही, तिथे फक्त '३०' लिहिलेलं आहे.

हे सगळं ज्या नियमामुळे घडतं त्याला डब्लिन व्यवस्था म्हणतात. मूळ करार १९९० चा, नंतरचा कायदा २०१३ चा. कुटुंब आधीच कुठे आहे, व्हिसा कोणी दिला, असे निकष त्यात आहेत, पण प्रत्यक्षात सगळ्यात जास्त ओढाताण होते ती एका निकषावरून: माणूस बेकायदा ज्या देशातून पहिल्यांदा युरोपात शिरला, त्याच्या अर्जाची जिम्मेदारी त्या देशाची. नकाशा समोर ठेवून विचार करा. अफगाणिस्तानहून निघालेला माणूस थेट जर्मनीच्या हद्दीत उगवू शकतो का? तो ग्रीसमध्ये, बल्गेरियात किंवा इटलीत शिरणार. म्हणजे भूगोलानेच वाटणी ठरवून टाकली.

मग सीमेवरचे देश काय करतात? ठसे घेण्यात ढिलाई करतात, माणसाला पुढे जाऊ देतात. श्रीमंत देश परत पाठवण्याची मागणी करतात. जर्मनीने २०२३ मध्ये इतर देशांना अशा सुमारे ७५ हजार मागण्या केल्या आणि प्रत्यक्षात परत पाठवली गेली ती पाच हजारांच्या आसपास माणसं. इटलीने तर डिसेंबर २०२२ पासून जागा नाही असं सांगून परत घेणं जवळपास बंदच केलं. आणि परत पाठवलेल्या माणसाचं काय होतं याचा एक खटला नोंदलेला आहे. २००९ मध्ये बेल्जियमने एका अफगाण अर्जदाराला नियमाप्रमाणे ग्रीसला परत धाडलं. अथेन्समध्ये आधी कोठडी, मग बागेत झोपण्याची वेळ. जानेवारी २०११ मध्ये युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने ग्रीसलाही दोषी धरलं आणि पाठवणाऱ्या बेल्जियमलाही. त्यानंतर कित्येक वर्षं ग्रीसला परत पाठवणं थांबलं होतं.

वाटणी सरळ करण्याचा एक प्रयत्न २०१५ मध्ये झाला. इटली आणि ग्रीसमधून १ लाख ६० हजार माणसं इतर देशांनी वाटून घ्यायची. सूत्र युरोपियन आयोगाने मांडलं होतं: ४० टक्के वजन लोकसंख्येला, ४० टक्के उत्पन्नाला, उरलेलं बेरोजगारी आणि आधीच्या अर्जांना. गणिताचा शिक्षक म्हणून मला ते सूत्र आजही बरं वाटतं. सुरुवातीच्या प्रस्तावात हंगेरीमधूनही ५४ हजार माणसं उचलून दुसरीकडे पाठवायची होती. म्हणजे हंगेरीचा फायदाच होता. तरी हंगेरीने नकार दिला. त्यांना बोजा कमी नको होता, वाटणीचं तत्त्वच मान्य नव्हतं. मतदानात हंगेरी, झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि रोमानिया विरोधात गेले. स्लोव्हाकियाने तर त्याच सुमारास आम्ही फक्त ख्रिस्ती निर्वासित घेऊ, आमच्याकडे मशिदी नाहीत, असं सांगितलं. शेवटी हलवली गेली ती साधारण ३४ हजार ७०० माणसं, ठरल्याच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त. हंगेरी आणि पोलंडने एकालाही घेतलं नाही, झेक प्रजासत्ताकाने १२ जणांना घेतलं. २०२० मध्ये न्यायालयाने या तिन्ही देशांनी कायदा मोडला असा निकाल दिला, पण तोवर ती योजना केव्हाच संपली होती.

आणि मग २०२२ आलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि अवघ्या आठवड्याभरात, ४ मार्चला, युनियनने २००१ पासून कपाटात पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा पहिल्यांदा बाहेर काढला. वेगळा अर्ज नाही, चौकशी नाही, पहिल्या देशाची अट नाही. जिथे नातेवाईक आहेत तिथे जा, काम करा, मुलांना शाळेत घाला. २०२४ च्या अखेरीस अशी ४२ लाखांहून जास्त माणसं युनियनमध्ये होती: जर्मनीत साडेअकरा लाखांच्या पुढे, पोलंडमध्ये दहा लाखांच्या जवळ. लोकसंख्येच्या मानाने पहिला नंबर झेक प्रजासत्ताकाचा, हजारामागे ३५ च्या वर. होय, तेच १२ वाले.

मी हे टोमणा म्हणून लिहीत नाही. युक्रेनच्या बायका-मुलांना आसरा मिळाला ते चांगलंच झालं, आणि पोलंडला युक्रेन शेजारी आहे हेही खरं. पण "जागा नाही", "यंत्रणा पुरत नाही" ही जी कारणं २०१५ मध्ये दिली गेली, ती सात वर्षांनी याच देशांनी स्वतःच खोटी पाडली. आणि हे ४२ लाख आश्रयाच्या अर्जांच्या तक्त्यात येतच नाहीत, त्यांचा तक्ता वेगळा. फक्त पहिला तक्ता बघणाऱ्याला पोलंड आजही कंजूष दिसेल.

मुस्लिम देश बघत बसले, या पहिल्या मेसेजचंही उत्तर देऊ. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या मोजणीत २०२४ च्या अखेरीस सगळ्यात जास्त निर्वासित इराणमध्ये होते, सुमारे ३५ लाख, त्याखाली तुर्कस्तानात २९ लाख. एके काळी तुर्कस्तानात एकट्या सीरियाचेच ३६ लाख होते. बांगलादेशात दहा लाखांच्या आसपास रोहिंग्या आहेत. आखाती देशांबद्दलची टीका मात्र पूर्ण चुकीची नाही. तिथे सीरियन राहतात, पण कामाच्या व्हिसावर. नोकरी गेली की मुक्काम संपला, निर्वासिताचा हक्क म्हणून काही नाही.

आता युरोपचा नवा करार. मे २०२४ मध्ये तो मंजूर झाला, हंगेरी आणि पोलंडच्या विरोधानंतर, आणि लागू होण्याची तारीख ठरली १२ जून २०२६. पहिल्या देशाची जिम्मेदारी त्यात कायम आहे, उलट तिची मुदत वाढवली आहे. बदल एवढाच की बाकीच्यांनी दरवर्षी हातभार लावायचा: माणसं घ्या, किंवा प्रत्येक माणसामागे २० हजार युरो द्या, किंवा दुसरी मदत करा. प्रत्येकाचा वाटा निम्मा लोकसंख्येवर, निम्मा उत्पन्नावर. कायद्यात वर्षाला किमान ३० हजार माणसं असं लिहिलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये पहिल्या वर्षाचा आकडा ठरला तेव्हा तो २१ हजार माणसं किंवा ४२ कोटी युरो इतका खाली आला, वर्ष मध्यातून सुरू होतंय म्हणून. मदत मिळणार ती सायप्रस, ग्रीस, इटली आणि स्पेनला. हंगेरीने माणसंही देऊ-घेऊ नयेत आणि पैसेही देऊ नयेत असंच धोरण धरलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये इटलीच्या लॅम्पेदूसा बेटावर दोन दिवसांत सात हजारांवर माणसं उतरली होती. त्या बेटाची स्वतःची लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास आहे. नव्या करारातही त्यांचे अर्ज बहुतांशी इटलीच्याच खात्यात लिहिले जातील.