गाळ्याचं भाडं दिसतं, खर्च दिसत नाही

महामार्गात जमीन गेली, मोबदला खात्यावर आला, की तालुक्याच्या गावी गाळा घ्यायचा, हे आता ठरलेलंच झालंय. 'घरबसल्या महिन्याला 8 हजार' एवढंच विकणारा सांगतो. हिशेब मात्र वर्षाचा करावा लागतो.

समजा गाळा 25 लाखांचा. मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून 27 लाख. वर्षाचं भाडं 96 हजार. भाडेकरू बदलताना दोन महिने कुलूप राहिलं तर 80 हजार. घरपट्टी, शटर, गळती यात 10 हजार गेले की हातात 70 हजार. म्हणजे शेकडा अडीच रुपयांच्या आसपास! हेच 27 लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला पावणेदोन लाख व्याज.

गाळ्याची किंमत वाढते, हे खरं. पण ती विकल्यावरच हातात येते, आणि ओळीतले निम्मे गाळे रिकामे असले तर गिऱ्हाईक येणार कुठून? सौद्याआधी बंद शटर मोजून यावेत, तेही बाजाराच्या दिवशी नव्हे.

घेतलाच तर भाडेकरार नोंदवून घ्यावा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसली आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं.