शेजाऱ्यांचे पंचांग

हिवाळा सुरू झाला की आमच्या गावात रस्त्याच्या कडेला तिबेटी लोकांची स्वेटरची दुकाने लागतात. तुमच्याही गावात लागत असतील. हे लोक कोठून येतात, असे मी एकदा अकरावीच्या वर्गात विचारले, तेव्हा बहुतेकांनी ‘नेपाळहून’ असे उत्तर दिले! विद्यार्थी मित्रांनो, नवेगाव बांधच्या पुढे, इटियाडोह धरणाजवळ, गोठणगावला १९७२ साली तिबेटी निर्वासितांची एक वसाहत उभी राहिली. तिचे नाव नोर्ग्येलिंग. १९९९ साली भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोठणगाव गोंदिया जिल्ह्यात गेले. तरी तिबेटी लोकांच्या तोंडी त्या वसाहतीचे नाव ‘भंडारा’ असेच राहिले आहे.

या लोकांच्या घरी एक पंचांग असते. धर्मशाळेला ‘मेन-त्सी-खांग’ नावाची संस्था आहे. ती मूळची ल्हासाची, १९१६ साली स्थापन झालेली. १९६१ साली ती भारतात पुन्हा सुरू झाली. वैद्यक आणि ज्योतिष ही दोन्ही शास्त्रे तेथे एकाच छपराखाली शिकवतात आणि पंचांगही तेथेच तयार होते. मुलाचा जन्म, लग्न, मृत्यूनंतरचे विधी, प्रार्थनेच्या पताका कोणत्या दिवशी लावाव्या, केस कोणत्या दिवशी कापावे, सारे या पंचांगात पाहिले जाते. प्रत्येक वर्षाला एका प्राण्याचे नाव असते. २०२६ साली सुरू झालेले वर्ष अग्नी-घोड्याचे.

हे सांगताच वर्गात हशा पिकला. मी विचारले, “गुढीपाडव्याला तुमच्या घरी संवत्सराचे नाव वाचतात ना? ते काय असते?” कोणालाच सांगता आले नाही.

आता गंमत पाहा. बारा प्राणी आणि पाच तत्त्वे; प्रत्येक तत्त्व लागोपाठ दोन वर्षे चालते, म्हणजे तत्त्वांचा फेरा दहा वर्षांचा. दहा आणि बारा यांचा लघुतम साधारण विभाज्य ६०. म्हणून अग्नी-घोडा साठ वर्षांनी परत येतो. आपली संवत्सरेही साठच! तिबेटी लोक या फेऱ्याला ‘रबजुंग’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थ ‘प्रभव’, म्हणजे आपल्या पहिल्या संवत्सराचे नाव. कालचक्र ग्रंथाबरोबर ही गणना भारतातून तिबेटात गेली. त्यांचा पहिला फेरा १०२७ साली सुरू झाला. त्यात ६० चे सोळा फेरे मिळवा: १९८७. आपले शके १९०९, प्रभव संवत्सर, त्याच साली लागले. प्राण्यांची नावे चीनकडची, हिशोब आपल्याकडचा.

तिथीचेही तसेच. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. पहाटे जी तिथी चालू असेल, तिचा आकडा त्या दिवसाला मिळतो. चंद्राचा वेग कमीजास्त होत असल्याने एखादी तिथी गळते, एखादी दोनदा येते. आपण क्षय आणि वृद्धी म्हणतो. तिबेटी पंचांगातही गळलेले आणि दुणावलेले दिवस असतात.

गोठणगावजवळच प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. तिबेटी नववर्ष, म्हणजे ‘लोसार’, बहुधा तिच्यानंतर दोन-तीन दिवसांनीच येते. २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, लोसार २८ ला. २०२६ साली १५ आणि १८. पण २०२४ साली लोसार १० फेब्रुवारीला झाले आणि महाशिवरात्र ८ मार्चला! असे का झाले असावे? आपण २०२३ च्या श्रावणात अधिक महिना घेतला होता. त्यांनी तो २०२४ च्या लोसारनंतरच्या वर्षात घेतला. त्यांचा नियम सोपा आहे: ६५ सौर महिन्यांत ६७ चांद्र महिने बसवायचे. करून पाहा. ३०.४३६८५ ला ६५ ने गुणा, २९.५३०६ ला ६७ ने गुणा. फरक जेमतेम पावणेचार तासांचा निघेल. पण तो साठत जातो. सुमारे ३५ वर्षांत एक दिवस, हजार वर्षांत जवळजवळ महिना.

तुम्ही म्हणाल, म्हणजे त्यांचे पंचांग चुकले. मग आपले? सूर्य उत्तरेकडे वळतो २२ डिसेंबरच्या सुमारास आणि आपण उत्तरायणाचा तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला. मेघनाद साहा यांच्या समितीच्या सूचनेवरून १९५७ साली भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, ती हीच चूक दूर करण्यासाठी. ती किती घरांत वापरतात, हे तुम्हीच मोजा.

येथवर सारे गणित. त्याबद्दल मला आदर आहे. हिवाळाभर गावोगाव विखुरलेली माणसे लोसारला घरी परततात, हे ही आकडेमोड घडवून आणते. आपला देश सोडावा लागलेल्या लोकांना एकाच दिवशी नवे वर्ष साजरे करता येते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण पंचांग पुढे जाऊन तुमचे भविष्य सांगू लागले की माझा रस्ता वेगळा होतो. जन्मवर्षाचा प्राणी परत आला की ते वर्ष अडथळ्यांचे, असे तिबेटी लोक मानतात. २०१४ हे घोड्याचे वर्ष होते. तेव्हा जन्मलेली मुले आपल्या शाळांत शेकड्यांनी आहेत. २०२६ साली त्यांची दुखणी, अपघात, गुण इतर मुलांपेक्षा खरोखर वाईट ठरतात का, हे कोणत्याही शिक्षकाला हजेरीपट आणि गुणपत्रक घेऊन तपासता येईल. आपल्या फलज्योतिषाची अशी परीक्षा २००८ साली जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवून प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी निम्मी बरोबर आली असती!

हे मी आमच्या ओळखीच्या स्वेटरवाल्या बाईंना सांगत होतो. त्यांनी शांतपणे हिंदीत विचारले, “सर, तुमच्या घरी लग्नाला पत्रिका पाहत नाहीत?” मला गप्प बसावे लागले. माझ्या चुलत बहिणीला मंगळ आहे म्हणून तिची स्थळे तीन वर्षे परत जात होती. तेव्हा मी एम्.एस्सी. होऊन नोकरीला लागलो होतो. मंगळाचे वस्तुमान मला तोंडपाठ होते. पण काकांसमोर बोललो नाही, वडीलधाऱ्यांचा मान ठेवला असे स्वतःला समजावले. नात्यातल्या मुलीसाठी तोंड उघडायचे नाही आणि वर्गात शेजाऱ्यांच्या घोड्यावर हसणाऱ्या मुलांना दटावायचे, हे काही खरे नव्हे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की दोन्ही पंचांगे वर्गात आणावीत. पुढच्या चंद्रग्रहणाची वेळ दोन्हींतून वहीत लिहून घ्यावी आणि आकाश निरभ्र असेल तर मुलांना घड्याळ घेऊन अंगणात उभे करावे. त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर दोन्हींतले त्या महिन्याचे भविष्य उतरवून ठेवावे. महिना संपल्यावर दोन्ही पाने मुलांनीच तपासावीत. काका आज नाहीत. बहिणीची मुलगी यंदा अकरावीला आहे. वहीचे पहिले पान तिने आखून ठेवले आहे.